लाल ठिपक्याची वाटी

बिश्केक, शुक्रवार, ९ जून २०२३

कुबात,

‘प्रिय’ वगैरे लिहीत नाही, कारण सध्या तू मला प्रिय नाहीस. बाबांच्या वर्षाच्या जेवणातून उठलास, दीडशे पाहुण्यांसमोर मामांच्या ट्रकमध्ये चढलास आणि निघून गेलास, त्याला आज तेरा दिवस झाले. जोलदोश मामा दर रविवारी टेकडीवर चढून आईला फोन करतात, म्हणून एवढं तरी कळलं की तू वरच्या कुरणात पोचलास, जेवतोस आणि घोड्यावरही बसतोस. मोठ्या बहिणीशी बोलायला मात्र तुला टेकडी चढवत नाही.

म्हणून हे पत्र. आपले गाडीवाले सातार बायके उद्या सकाळी पीठ-साखर घेऊन वर येतायत. पत्राबरोबर त्यांच्याकडे एक डबा दिलाय. त्यात तुझ्या गोळ्या आहेत, एकेका दिवसाचं पाकीट वेगळं करून ठेवलंय. सहातले दोन महिने तू पार केले होतेस. कोक-बोरूत खोगिरावर बोकड ओढून घेतला आणि गोलापर्यंत न नेता अर्ध्या मैदानात टाकून परत फिरला, असा स्वार तू कधी पाहिलायस? तुझ्या शाळेतल्या पोरांनी असं केलं असतं तर तू त्यांना मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या असत्यास.

ताप गेला, खोकला थांबला, थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही, म्हणून टीबी गेला असं तू ठरवून टाकलंस. न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तुझा तोच नमुना नळीत वाढायला ठेवलाय. त्याचं उत्तर यायला आठवडे लागतात. तोवर गोळ्या थांबवायच्या नसतात.

घरी आई बरी आहे. ऐपेरी तोकमोकला माहेरी गेली. जाताना तू बायकोकडे ज्या नजरेनं पाहिलंस, त्यानंतर ती इथे कशी राहणार? ठिपक्याचं म्हणशील, तर तुर्सून आत्यानं चहा पिऊन वाटी उपडी केली, तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘ही कोणाची गं निराळी काढलेली?’ शेजारणीनं तुझं आणि तुझ्या आजाराचं नाव घेतलं आणि एकेकानं हातातली वाटी खाली ठेवली. फार वाईट झालं. त्यात तुझं काही चुकलं नाही. पण त्यात तुझ्या गोळ्यांचंही काही चुकलेलं नाही.

कोणी लावला, का लावला, हे आता उगाळून काय मिळणार? कोणीतरी घाबरलं असेल. सोडून दे.

गोळ्या सकाळी, जेवल्यावर.

बुरुल एजे


बिश्केक, शुक्रवार, १६ जून

कुबात,

डबा जसा गेला तसा परत आला. वर पाच लिटर किमिझ, मामींच्या घोडीचं आंबवलेलं दूध. भेट पाठवून माणसाचं तोंड बंद करायचं हे तू आईकडून शिकलास.

सातार बायकेंना मी दारातच धरलं. म्हटलं, ‘नक्की काय म्हणाला ते शब्द न शब्द सांगा.’

‘म्हणाला, एजेला सांगा, चार किलो वाढलोय. किमिझ एवढं आंबट की पिताना दात आंबतात, त्यात तुझा जंतू काय टिकणार? जळून गेला म्हणाला.’

‘आणि तुम्ही काय म्हणालात?’

‘मी काय म्हणणार? मी त्याच्याबरोबर दोन वाट्या प्यायलो.’

असा माझा टपालवाला. आता तू नीट ऐक. अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. मित्रांना सांगायचास, ‘आमची एजे काचेच्या पेटीत किडे पाळते.’ ते किडे कोणते आणि मी त्यांचं काय बघते, ते आज सांगते, कारण तुझ्या आंबट औषधाचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या फुप्फुसात राखणदार पेशी असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात, आत एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत आम्ल सोडतात. बहुतेक जंतू तिथेच खलास होतात. क्षयाचा जंतू मोठा बेरकी. तो लढत नाही, पळत नाही. त्याच्या अंगाभोवती जे पातळ पटल असतं, त्यात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं. ते जागेवर असलं की बाहेर कितीही आंबट होऊ दे, जंतूच्या आत आंबटपणा शिरत नाही. जो त्याला खायला निघाला त्याच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो आणि गप्प पडून राहतो, महिनोन्‌महिने. मी त्याच प्रथिनाच्या मागे आहे. ते काढून टाकलेले जंतू एकीकडे वाढवते, ते असलेले दुसरीकडे, आणि दोघांना राखणदार पेशींच्या तोंडी देते. ते काढलं की जंतू त्या आम्लात मरतो, हे आम्हाला ठाऊक आहे. ते बंद पाडणारं औषध मात्र अजून कोणाच्या हातात नाही, म्हणून आज तरी गोळ्यांना पर्याय नाही.

तेव्हा ज्याला आंबटाची भीती नाही अशा जंतूला तू आंबट पाजून मारायला निघाला आहेस. तेही जंतू छातीत आणि दूध पोटात!

वजन वाढलं म्हणतोस. वाढणारच. घोडीचं दूध, मामीच्या हातचं मटण आणि दिवसभर मोकळी हवा. आजीच्या वेळी छातीच्या रोग्यांना कुरणावर पाठवायचे आणि काही जण धडधाकट होऊन यायचे, हे खरं आहे. जे आले त्यांनी गोष्टी सांगितल्या. जे आले नाहीत त्यांच्या गोष्टी कोण सांगणार?

डबा परत पाठवतेय. या वेळी उलटा आला तर मी सातार बायकेंच्या गाडीचा रेडिओ काढून घेणार आहे, तसं त्यांना सांगितलंय. त्यांना तुझ्या छातीपेक्षा त्याची काळजी जास्त आहे.

बुरुल एजे


बिश्केक, शुक्रवार, ३० जून

कुबात,

आज थट्टा नाही.

तुझी नळी उगवली. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मला बोलावलं आणि ती माझ्या हातात दिली. आमच्याकडे जिवंत जंतूंच्या नळीला लाल ठिपका लावतात, तो त्यांनी लावलेला होता. आत हिरव्या थरावर पाच पुंजके, पिवळसर, पावाच्या चुऱ्यासारखे खडबडीत. असे पुंजके मी हजारांनी मोजलेत. आज मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

म्हणजे तू निघालास त्या आठवड्यात ते तुझ्या छातीत जिवंत होते. त्यानंतर पाच आठवडे तू एकही गोळी घेतलेली नाहीस; बायके सांगतात, डबा न उघडताच पडलाय. तुझ्यावर आधीच साध्या औषधांचा उपयोग होत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारात जंतू उरलेल्या औषधांनाही सरावला, तर माझ्याकडे तुला द्यायला काही शिल्लक राहणार नाही. मी हे घाबरवायला लिहीत नाही. हे असंच असतं.

आणि चिनार. मामा आईला कौतुकानं सांगत होते की नात दिवसभर तुझ्या मांडीवर असते, तुझ्याच वाटीतलं किमिझ चाखते. चौदा महिन्यांची आहे ती. वाटीनं तिला काही होणार नाही. तुझ्या श्वासानं होईल, बंद तंबूत, दाराचा नमदा खाली सोडून सगळे जवळ जवळ झोपता तेव्हा. तू गोळ्या घे नाहीतर घेऊ नकोस, माझ्यावर राग धर, आयुष्यभर बोलू नकोस. पण हे पत्र वाचून संपायच्या आत तुझं अंथरूण त्या तंबूतून बाहेर काढ. मामींना सांग, छतावरची झडप दिवसभर उघडी ठेवा. चिनारला आणि मामा-मामींना तपासायला खाली आणावं लागेल, त्याचं मी बघते.

ऐपेरी मंगळवारी प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभी होती. आत यायला तयार नव्हती. ‘जिवंत आहे ना, एवढंच सांगा,’ म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं. मग तिनं मला तुझ्यासाठी विणलेले लोकरी मोजे दिले आणि तशीच बसस्टॉपवर गेली. मोजे सोबत आहेत.

एजे


बिश्केक, शुक्रवार, ७ जुलै

कुबात,

सातार बायके सांगत होते, पत्र तू उभ्या उभ्या वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि त्याच पावली अंथरूण उचलून ओढ्याकाठी एकट्यापुरता छोटा तंबू ठोकलास. चिनार रडत मागे आली तर तिला लांबूनच शीळ घालून दाखवलीस. हे ऐकून मी बायकेंसमोर रडले. ते बिचारे गाडी पुसायला लागले.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मोजे तू परत दिलेस. डबाही. म्हणालास, ‘ज्या हातानं माझ्या वाटीला खूण केली त्या हाताचं पाणीसुद्धा मला नको. आणि ऐपेरीला सांगा, खाली आलोच तर तलाकासाठी येईन.’

मी चार पत्रांपूर्वीच सांगायला हवं होतं. चार कसली, तीनच पत्रं झाली. त्याच दुपारी, त्याच सतरंजीवर सांगायला हवं होतं.

ठिपका मी लावला.

मार्चमध्ये तुझा निकाल आला त्या संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात मी वाट्या विसळत होते. ऐपेरीची नेलपॉलिशची बाटली खिडकीत होती. मी तुझी वाटी उपडी केली आणि तळाला ठिपका लावला. मनात दुसरा विचारही आला नाही. दिवसातून वीस वेळा मी नळ्यांना तेच करते. काम झाल्यावर बाटली माझ्या कोटाच्या खिशात गेली. नंतर दोन-अडीच महिने मी जेवायला आले की आधी वाट्या उलटून बघायची आणि ती तुझ्यापुढे ठेवायची. तुला एकदाही कळलं नाही. तू मला त्यातूनच चहा ओतून द्यायला लागलास की मी म्हणायची, नको, झोप लागत नाही.

वाटीनं हा रोग पसरत नाही हे या शहरात ज्यांना सगळ्यात पक्कं माहीत आहे, त्या वीस माणसांत मी आहे. लोकांना हेच सांगत मी गावोगाव फिरलेय. तुर्सून आत्याला माहीत नव्हतं, तिला मी माफ करू शकते. मला काय सबब आहे? तुझ्या जागी मला नळी दिसली, एवढंच खरं आहे.

आणि याहून वाईट त्या दुपारचं. तू विचारलंस, ‘हे कोणी केलं?’ सगळ्यांनी ऐपेरीकडे पाहिलं, कारण रंग तिचा होता. तिनं मान खाली घातली. मी तिच्याशेजारीच बसले होते. तोंडात घास होता. तो मी चावत राहिले. तिच्यावर सगळं कोसळत होतं आणि मी कातडी वाचवून आत गप्प पडून होते. असं कोण करतं हे मी तुला मागे पानभर समजावून सांगितलंय.

बुधवारी मी आईला सांगितलं. तिनं माझ्यासमोरचा चहा उचलून मोरीत ओतला. मग मी तोकमोकला गेले आणि ऐपेरीला सांगितलं. ती मळलेली कणीक सोडून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘मला माहीत होतं, एजे. जेवणाच्या दिवशी सकाळीच बाटली तुमच्या कोटाच्या खिशात दिसली होती.’

‘मग तू बोलली का नाहीस?’

‘बोलून काय झालं असतं? तो माझ्यावर रुसला तर बायकोवर रुसला. तुमच्यावर रुसला असता तर औषध कोणाचं ऐकून घेतलं असतं? म्हटलं, तुमचं नाव राहू दे.’ मग कणकेवर जोरात मूठ मारून म्हणाली, ‘तरी नाहीच घेतलं मेल्यानं.’

ही तुझी बायको. हिला तलाक द्यायला तू खाली येणार आहेस.

तुझी अट मला मान्य आहे. माझ्या हाताचं काही घेऊ नकोस. उद्या ऐपेरी वर येतेय. गोळ्या तिनं स्वतः दवाखान्यातून घेतल्यात, मी पाकिटाला बोटही लावलेलं नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी उपचाराची नव्यानं मांडणी केली आहे, पुन्हा सुरुवातीपासून, पूर्ण सहा महिने. सोबत झाकणाची एक डबी आहे. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, खोल खोकून त्यात थुंकी दे. वर आपलं नाव तू स्वतः लिही. डबी रिकामी आली तर पुढच्या शनिवारी मी स्वतः येईन, आणि मामांच्या सगळ्या पाहुण्यांसमोर वरचं सगळं पुन्हा तोंडानं सांगेन. तरीही नाही म्हणालास तर त्याच्या पुढच्या शनिवारी परत येईन. मला दुसरं काम नाही, असं समज.

बुरुल


बिश्केक, रविवार, ९ जुलै

कुबात,

हे पत्र दवाखान्याच्या फाटकावर ठेवून जातेय. गुरुवारी तू तपासणीला खाली येणार असं बायकेंकडून कळलं, तेव्हा पहारेकरी तुला देईल.

सातार बायके आज दुपारी आले. मी रस्त्यावरच उभी होते.

‘गिळल्या,’ गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले. ‘सगळ्या गिळल्या! ऐपेरीनं तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. घोडा विकत घेताना दात बघतात ना, तसं मी पण वाकून बघितलं.’

‘आणि त्याआधी?’

‘त्याआधी तिनं त्याला शिव्या घातल्या. दम लागेपर्यंत. मग त्यानं तुझं पत्र वाचलं, आणि दोघं ओढ्याकाठी बसली. मी म्हटलं, आपण घोड्यांकडे जावं.’

डबी मिळाली. भरलेली आहे. वर तुझं पूर्ण नाव आहे, बाबांच्या नावासकट, तुझ्या त्या शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात. मी ती शेजारच्या खोलीत देऊन आले. तिच्यापासून वाढवलेल्या नळीला लाल ठिपका लागेल. त्याची जागा तीच आहे.

आणि दुसरी वस्तू मिळाली. फडक्यात घट्ट बांधलेली. बायके ती देताना खाली बघत होते. ‘म्हणाला, एजेला द्या. ही तिची वाटी आहे.’

जाताना तू ती खिशात घालून नेलीस हे मला माहीतच नव्हतं. आधी वाटलं तू ठिपका खरवडून काढला असशील. काढलेला नाहीस. बरं केलंस.

संध्याकाळी आईकडे चहाला माणसं होती. मी ती वाटी माझ्यापुढे घेतली आणि चहा ओतायच्या आधी सगळ्यांसमोर उपडी केली. तुर्सून आत्या दचकलीच.

‘अगं, ही तर तीच! फेकून नाही दिलीत?’

‘नाही आत्या. ही माझी.’

‘तुला काय झालंय?’

‘मी भ्याले होते,’ म्हटलं, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाटली, खिसा, तोंडातला घास, ऐपेरी. आई दाराकडे बघत होती. माझं संपल्यावर आत्यानं बराच वेळ आपली वाटी हातात फिरवली, मग मला म्हणाली, ‘चहा गार होतोय तुझा, पी.’ आईनं किटली उचलली आणि बुधवारनंतर पहिल्यांदा मला स्वतःच्या हातानं चहा ओतला.

यापुढे मी त्याच वाटीतून चहा पिणार. प्रयोगशाळेतही नेली असती, पण तिथे आत काही प्यायचं नसतं. कालच माझ्या बशा उघडल्या, तीन आठवड्यांनी. ते प्रथिन असलेल्या जंतूंच्या बशीत एकशे चाळीस पुंजके. ते काढलेल्यांच्या बशीत दोन. आता त्याला बंद पाडणारी वस्तू शोधायची. तुझे सहा महिने संपतील तेव्हा माझं काम नुकतं कुठे सुरू झालेलं असेल, तेव्हा तू आधी बरा हो.

मला लवकर माफ करू नकोस. पण गुरुवारी चार वाजता दवाखान्याच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखालच्या बाकावर मी थर्मास घेऊन बसलेली असेन. तिथे उघडी हवा आहे, चालतं. तू आला नाहीस तर शुक्रवारी बसेन. वाटी एकच आणतेय. आधी तू पी, मग मी.

एजे